दुधाच्या जिल्ह्यात चीजशिवायचं चीज

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना सारखे येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय खाण्याचा आहे. तुमच्यातले निम्मे हा भाग जेवताना ऐकणार, हे मला माहितीये. तर आधी जेवून घ्या किंवा जेवता जेवता ऐका, पण समोर पिझ्झा असेल तर जरा सांभाळून.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात ओळख. मी नगरचा. आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण एसटी स्टँडवर अजून 'नगर, नगर, नगर' असाच आवाज येतो, त्यामुळे मी दोन्ही म्हणणार. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री गाडी पकडून घरी येतो. पुण्यात राहणाऱ्या नगरकराला एक प्रश्न कायम विचारला जातो: 'अरे, नगरमध्ये चांगलं इटालियन कुठं मिळतं?' मित्र विचारतात, चुलतभाऊ विचारतात, ज्याचं नुकतंच लग्न ठरलंय तो तर हमखास विचारतो.

माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे: 'बसायला छान जागा सांगतो, इटालियनचं विचारू नको.'

आज त्याच उत्तराबद्दल बोलायचंय. कारण ही निराशा फक्त चवीची नाही. तिच्या मुळाशी एक असा प्रश्न आहे जो आपल्या जिल्ह्याचा आहे, आपल्या घरातल्या लोकांचा आहे.

तीन निराशा, पण तिन्ही सारख्या नाहीत

मी कुठल्याही हॉटेलचं नाव घेणार नाही. कुणाच्या धंद्यावर पाय द्यायचा नाहीये. पण गेल्या तीन-चार वर्षांत शहरात जे 'इटालियन' खाल्लं त्यातले तीन अनुभव सांगतो. तुम्हालाही ओळखीचे वाटतील.

पहिला अनुभव पास्त्याचा. पेने मागवला होता. आला तो चमच्याने खायचा होता, इतका मऊ. इटलीत पास्ता 'अल देंते' शिजवतात, म्हणजे दाताला किंचित लागला पाहिजे. तिकडे वाळवलेला पास्ता कडक ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असा १९६७ पासून कायदाच आहे. आणि ड्यूरम म्हणजे काही परग्रहावरचं पीक नाही. आपल्याकडे ज्याला बन्सी गहू म्हणतात ना, तो ड्यूरमच. आपल्या आज्यांनी त्याच्या शेवया केल्या, उन्हात वाळवल्या. शेवयांचा लगदा झाला तर आजी तो पाहुण्यांच्या ताटात वाढत नाही. मग दोनशे ऐंशी रुपयांच्या पास्त्याचा लगदा का वाढायचा? पण ठीक आहे. ही कौशल्याची गोष्ट आहे. स्वयंपाकी नवीन असेल, शिकेल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरा अनुभव. पाटीवर लिहिलेलं 'वूड फायर्ड पिझ्झा', म्हणजे लाकडाच्या भट्टीतला. आत शिरलो तर धुराडं नाही, भट्टी नाही, काउंटरच्या मागे विजेचा ओव्हन. नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झ्याला युरोपियन युनियनने २०१० मध्ये नियमांची चौकट दिली. साधारण ४८५ अंश तापमान, साठ ते नव्वद सेकंदात पिझ्झा बाहेर. तो बनवण्याची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आपल्याकडच्या छोट्या ओव्हनमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास तापमान मिळतं, त्यामुळे पिझ्झा भाजत नाही, वाळतो. आता विजेच्या ओव्हनमध्ये पिझ्झा करायला काहीच हरकत नाही. मग पाटीवर लाकूड कशाला?

तिसरा अनुभव 'फोर चीज पिझ्झा'चा. मी वेटरला सहज विचारलं, 'दादा, चार चीज कुठली कुठली?' बिचारा विचार करून म्हणाला, 'सर, मोझरेला... मग चीज... मग चीज स्प्रेड... आणि वरून एक्स्ट्रा चीज.' टेबलावर सगळे हसले, तोही हसला. मग मॅनेजर आले. त्यांना विचारलं, 'हे दुधाचं चीज आहे की ॲनालॉग?' ते दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, 'सर, सगळे हेच वापरतात.'

बघा, मी विचारलं होतं काय, आणि उत्तर काय आलं. 'हो' नाही, 'नाही' नाही. 'सगळे हेच वापरतात.'

पहिल्या निराशेत पदार्थ बिघडला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्यात शब्द बिघडला होता. माझ्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव एक आणि आत व्हॅल्यू दुसरीच. कोडमध्ये असं कुणी केलं तर रिव्ह्यूमध्ये पकडतात. मेन्यूचा रिव्ह्यू कोण करतं?

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, नाहीतर म्हणाल पुण्यात जाऊन आला आणि शहाणा झाला. मला 'अस्सल इटालियन'चं वेड नाही. तंदुरी पनीर पिझ्झा आपला आहे, मला आवडतो. शेजवान सॉसला आपण आपलं करून टाकलंय, गोबी मंचुरियन आपलंच आहे. पास्त्यात कोथिंबीर घातली म्हणून इटलीचा कोणी भांडायला येत नाही. बदल करा, बिनधास्त करा. फक्त जे घातलंय ते लिहा, एवढंच.

केडगावची गोष्ट

मेन्यूचा रिव्ह्यू कोण करतं, असं म्हटलं ना? तर आपल्याच शहरात एकदा तो झाला होता, आणि त्याची बातमी देशभर गाजली. बऱ्याच नगरकरांना ती माहीत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

२०२३ च्या शेवटी अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या नगरच्या अधिकाऱ्यांनी केडगावच्या मॅकडोनाल्ड्सची तपासणी केली. त्यांचं म्हणणं असं की, नावात 'चीज' असलेल्या काही पदार्थांत चीजसारखा पर्याय, म्हणजे ॲनालॉग वापरलाय आणि ग्राहकाला ते कुठेच सांगितलेलं नाही. ना लेबलवर, ना स्क्रीनवर. त्या यादीत बर्गर होते, नगेट्स होते, चीजकेक होता, आणि एका पदार्थाच्या नावात तर 'चीझी' आणि 'इटालियन' दोन्ही शब्द होते. नोटीस गेली, पुढे त्या आउटलेटचा परवाना निलंबित झाला. त्यानंतर कंपनीने काही पदार्थांची नावं बदलली. 'कॉर्न अँड चीज बर्गर'चा 'अमेरिकन व्हेजिटेरियन बर्गर' झाला. 'ब्लूबेरी चीजकेक'चा नुसता 'ब्लूबेरी केक' झाला. नावं बदलल्यावर निलंबन मागे घेतलं गेलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं, आणि पश्चिम व दक्षिण भारतात हा ब्रँड चालवणाऱ्या वेस्टलाइफ फूडवर्ल्डचा शेअर घसरला. कंपनीने आरोप साफ फेटाळला. आम्ही चीजच्या पदार्थांत खरंच चीज वापरतो, असं त्यांनी सांगितलं, आणि काही दिवसांतच केंद्रीय संस्था एफएसएसएआयकडूनही तसा निर्वाळा मिळाल्याचं जाहीर केलं.

म्हणजे राज्याचं खातं एक म्हणतंय, कंपनी दुसरं म्हणतेय. कोण बरोबर, याचा निकाल मी इथे माइकसमोर बसून देणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. केडगावच्या एका आउटलेटमध्ये एका अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न इतकाच होता: 'नावात जे आहे, ते आत आहे का?' आणि त्या एका प्रश्नाने मुंबईच्या शेअर बाजारापर्यंत हालचाल झाली. प्रश्न साधा असतो, पण त्यात ताकद असते.

आता मला सांगा, एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकील आहेत, प्रयोगशाळा आहेत, पुरवठादारांचे कागद आहेत. ती आपली बाजू मांडू शकते. गल्लीतल्या 'फोर चीज'वाल्याला हा प्रश्न कोण विचारणार?

ॲनालॉग म्हणजे नक्की काय?

घाबरू नका, हे विष नाही. व्हॉट्सॲपवर 'प्लास्टिकचं चीज' म्हणून व्हिडिओ फिरतात, ते डोक्यातून काढून टाका.

कायद्यातली व्याख्या साधी आहे. दुधातला एखादा घटक पूर्ण किंवा थोडासा काढून त्याच्या जागी दुधाबाहेरचं काहीतरी घातलं, आणि तयार झालेली वस्तू दुधाच्या पदार्थासारखी दिसते, लागते किंवा वागते, तर ती ॲनालॉग. चीजच्या बाबतीत बहुतेक वेळा दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखं वनस्पती तेल येतं, सोबत स्टार्च, आणि ते सगळं एकजीव राहावं म्हणून इमल्सिफायर. काहींमध्ये दुधाचं प्रथिन असतं, काहींमध्ये तेही नावालाच.

हे बनवणं बेकायदा नाही. विकणं बेकायदा नाही. खाणंही नाही. ज्यांना दूध पचत नाही किंवा जे दूध खात नाहीत, त्यांना पूर्ण वनस्पतीजन्य चीजचा उपयोगही आहे. बेकायदा काय आहे? त्याला 'चीज' म्हणून खपवणं. अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे चुकीच्या नावाने विकलेल्या अन्नाला तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मग तुम्ही म्हणाल, 'भावा, चव घेऊनच कळेल ना?' इथेच खरी गोम आहे. नाही कळत. गरम पिझ्झ्यावर, त्यात ओरेगॅनो, चिली फ्लेक्स, तंदुरी सॉस, मेयो घातल्यावर जिभेला फरक कळणं अवघड आहे. तार सुटते का बघा म्हणतात, तर चांगला ॲनालॉग मस्त तार सोडतो, तो त्यासाठीच बनवलेला असतो. आयोडीनचा थेंब टाकून बघा म्हणतात. स्टार्च असेल तर निळा-काळा रंग येतो, खरंय. पण पिझ्झ्याच्या बेसमध्ये मैदा आहे, तोही निळा होणार. शिवाय किसलेलं खरं चीज चिकटू नये म्हणून त्यालाही कधी स्टार्च लावलेलं असतं. आणि तेलाबद्दल आयोडीन काहीच सांगत नाही.

जीभ सांगू शकत नाही, डोळे सांगू शकत नाहीत. म्हणून तिथे नाव महत्त्वाचं ठरतं. ग्राहकाकडे दुसरं साधनच नाही. कपडा हातात घेऊन बघता येतो, मोबाइलचं स्पेसिफिकेशन ॲप टाकून तपासता येतं. पिझ्झ्याच्या बाबतीत आपण पूर्णपणे मेन्यूवरच्या एका शब्दावर विश्वास ठेवतो.

इटालियन लोक या बाबतीत किती हट्टी आहेत बघा. 'पार्मेझान' हा शब्द पार्मा-रेज्जोच्या भागातल्या चीजलाच लागला पाहिजे, म्हणून त्यांनी आवाज उठवला. २००८ मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं की 'पार्मेझान' हे नाव त्या संरक्षित नावाचीच आठवण करून देतं, ते कुणीही वापरू शकत नाही. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला: वनस्पतीपासून बनवलेल्या वस्तूला 'दूध', 'लोणी', 'चीज' ही नावं लावून विकता येणार नाही. आपल्याला वाटतं की चव हाच इटालियन जेवणाचा आत्मा. मला तर वाटतं, नावाबद्दलचा हा हट्ट आपण घ्यायला हवा होता. आपण ओरेगॅनोची पुडी तेवढी घेतली.

मामांचा प्रश्न

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो.

माझे मामा संगमनेरच्या पुढे राहतात. गाई आहेत. मागे सात होत्या, आता चार आहेत. ते एकदा दवाखान्याच्या कामाला नगरला आले होते. काम उरकल्यावर मी म्हटलं, 'मामा, चला, तुम्हाला पिझ्झा खाऊ घालतो.' ते म्हणाले, 'भाकरी नाही का मिळणार रे कुठं?' पण आले. पिझ्झा आला. त्यांनी तुकडा उचलला, तार सुटली, त्यांनी ती नीट बघितली आणि विचारलं, 'का रे, हे दूध कुठल्या डेअरीचं?'

मला हसू आलं, पण त्यांचा प्रश्न एकदम धंद्याचा होता. ज्या माणसाचं दूध रोज पहाटे कॅनमध्ये जातं, फॅट आणि एसएनएफ मोजून ज्याला पॉइंटला पैसे मिळतात, तो चीजकडे बघून दुसरं काय विचारणार?

मी काउंटरवर जाऊन विचारून आलो. पाकीट दाखवलं त्यांनी, लपवलं नाही. त्यावर बारीक अक्षरात ॲनालॉग लिहिलेलं होतं, आणि घटकांच्या यादीत सगळ्यात वर पाणी आणि वनस्पती तेल. मी परत येऊन मामांना सांगितलं, 'डेअरीचं नाही मामा, तेलाचं आहे.' ते काही बोलले नाहीत. तुकडा संपवला, कारण अन्न टाकायचं नाही. मग म्हणाले, 'आणि आमचं दूध जास्त झालंय म्हणतात.'

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आपला जिल्हा राज्यातल्या सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहे. संगमनेर, राहाता, राहुरी, नेवासा, अकोले, पारनेर, कुठल्याही गावात पहाटे पाचला जा, मोटारसायकलला कॅन लटकवलेले दिसतील. आणि हाच जिल्हा दूध रस्त्यावर ओतण्यासाठीही ओळखला जातो. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला त्याचं केंद्र होतं राहाता तालुक्यातलं पुणतांबा. जुलै २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूध उत्पादक धरणं धरून बसले, मागणी होती लिटरला किमान ४० रुपये. तेव्हा गाईच्या दुधाला हातात पडत होते पंचवीस-सत्तावीस. सरकारने तेव्हा ठरवलं की डेअरीने ३० द्यायचे आणि वर ५ रुपये अनुदान.

आता इंजिनिअर आहे म्हणून थोडं गणित करू द्या, सोपं आहे. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. मध्यम पिझ्झ्यावर शंभर ग्रॅम चीज धरा. म्हणजे एका पिझ्झ्यावर एक लिटर दूध. शेतकऱ्याला ३० रुपये मिळाले असं धरलं, तर किलोभर चीजमध्ये नुसतं दूधच ३०० रुपयांचं. मग प्रक्रिया, पॅकिंग, फ्रिजची गाडी, दुकानदाराचा नफा. म्हणून खरं मोझरेला चारशेच्या पुढे जातं. पामतेल आणि स्टार्चचं मिश्रण त्याहून बरंच स्वस्त पडतं.

उलट बाजूने बघा. ज्या पिझ्झ्यावर 'चीज' लिहून ॲनालॉग घातलं, तिथे एक लिटर दुधाची मागणी नाहीशी झाली. एका टेबलावर चार पिझ्झे आले, चार लिटर. शनिवारची संध्याकाळ धरा, शहरातली सगळी कॅफे धरा. मी आकडा सांगत नाही, कारण माझ्याकडे मोजणी नाही. पण दिशा कळते ना? ग्राहकाने पैसे चीजचे दिले. शेतकऱ्यापर्यंत त्यातला रुपयाही पोहोचला नाही. मधल्या मधे जे उरलं ते त्या शब्दाचं उरलं.

आणि गंमत ऐका. इटलीतलं सगळ्यात नावाजलेलं मोझरेला कशाचं असतं? म्हशीच्या दुधाचं. 'मोझरेला दी बुफाला काम्पाना' हे संरक्षित नाव आहे, नियमच आहे की दूध म्हशीचंच पाहिजे. म्हणजे इटालियन जेवणातली सगळ्यात अस्सल गोष्ट आपल्या गोठ्यात उभी आहे, रवंथ करतेय. ऑलिव्ह आपल्याकडे होत नाही, समजू शकतो. बेसिल महाग, समजू शकतो. पण दुधाच्या जिल्ह्यात दूधच नाही? हे काही समजत नाही बुवा.

दुसरी बाजूही ऐका

माझा एक शाळेतला मित्र कॅफे चालवतो. त्याला मी हे सगळं ऐकवलं. तो चिडला नाही, त्याने हिशेब मांडला.

तो म्हणाला, 'हे बघ, खरं चीज घातलं तर मला हा पिझ्झा २२० ला विकावा लागतो. समोरचा १४० ला देतो. त्याच्याही मेन्यूवर 'चीज'च लिहिलंय. कॉलेजची पोरं येतात, दोन्ही मेन्यू बघतात, तिकडे जातात. डिलिव्हरी ॲपचं कमिशन वेगळं, जागेचं भाडं वेगळं. मी खरेपणा करून दुकान बंद करू का?'

काय उत्तर देणार? त्याचं चुकत नाहीये. अर्थशास्त्रात याला नाव आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा असा: विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सगळ्याच मालाला मधला भाव देतो. मधल्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही, म्हणून चांगला विकणारा हळूहळू बाजारातून निघून जातो. उरतो तो खराब माल.

मॅनेजर म्हणाले होते ना, 'सगळे हेच वापरतात'? ते खोटं बोलत नसावेत. खऱ्याला वेगळं नावच राहिलं नाही तर शेवटी सगळ्यांना तेच वापरावं लागतं. म्हणून लेबलचा नियम हॉटेलवाल्यांच्या विरोधात नाही. माझ्या मित्रासारख्याला तोच वाचवू शकतो. समोरच्याच्या मेन्यूवर 'ॲनालॉग' लिहिलेलं असेल तर २२० आणि १४० मधला फरक पोरांना कळेल. मग ज्याला १४० चा खायचाय त्याने तो आनंदाने खावा. महिनाअखेरीला मीही तोच खाईन. पण माहीत असून खाईन.

पनीरच्या बाबतीत इथे थोडी हालचाल झालीये. मार्च २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातले श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते कृत्रिम पनीर घेऊन थेट विधानसभेत गेले आणि प्रश्न मांडला. त्यानंतर काही आठवड्यांतच एफडीएने सांगितलं की, पनीरऐवजी ॲनालॉग वापरत असाल तर हॉटेलांनी ते ग्राहकाला स्पष्ट लिहून कळवायचं. मी नंतर ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथे मेन्यू उलटसुलट करून बघितला. तसं लिहिलेलं एकाही ठिकाणी दिसलं नाही. आता एकतर सगळे खरं वापरायला लागलेत, किंवा... पुढचं तुम्ही समजून घ्या.

मग करायचं काय?

लेक्चर देत नाही. चार साध्या गोष्टी सांगतो, फोन खिशात आहेच.

एक: ऑर्डर देताना विचारा, 'दादा, दुधाचं चीज आहे का ॲनालॉग?' आवाज चढवायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही, वेटरला कोंडीत पकडायचं नाही. तो बारा तास उभा असतो, चीज त्याने आणलेलं नाही. फक्त विचारा आणि उत्तर ऐका. दहा टेबलांवरून हा प्रश्न आला की तो आपोआप मालकापर्यंत जातो.

दोन: घरी पिझ्झा करत असाल तर दुकानातलं पाकीट उलटं करून घटक वाचा. पुढच्या बाजूला 'पिझ्झा टॉपिंग' किंवा 'ब्लेंड' असलं काही असेल तर मागे वनस्पती तेल सापडायची शक्यता जास्त. 'दूध' किंवा 'मिल्क सॉलिड्स' पहिलं आहे का, ते बघा.

तीन: बिलावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे. नसेल तर तिथेच विचारा.

चार: नाव एक आणि वस्तू दुसरी अशी खात्री झाली, तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करता येते. राज्याच्या एफडीएचा टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. आणि तक्रार खरी असेल तरच करा. स्टार कमी देण्यासाठी किंवा फुकट डेझर्ट मिळवण्यासाठी हे हत्यार वापरू नका, नाहीतर चांगल्या माणसाचा धंदा बसेल.

आणि ज्यांचं कॅफे आहे, असे दोघं-तिघं तरी हा भाग ऐकत असणार, त्यांना एक विनंती. ज्या पदार्थात खरं चीज घालता, तिथे ते अभिमानाने लिहा. 'संगमनेरच्या दुधाचं चीज', 'राहुरीच्या दुधाचं चीज', जे खरं असेल ते. मला इटलीचा झेंडा लावलेल्या पिझ्झ्यापेक्षा तो पिझ्झा जास्त आवडेल, आणि वीस रुपये जास्तही देईन. माझ्यासारखे बरेच आहेत, फक्त त्यांना कुठे जायचं ते कळत नाही.

तर 'नगरमध्ये चांगलं इटालियन कुठं मिळतं?' याचं माझं नवीन उत्तर ऐका: जिथे विचारल्यावर सरळ उत्तर मिळतं, तिथे. पास्ता थोडा मऊ झाला तरी चालेल. पिझ्झा विजेच्या ओव्हनमधला असला तरी चालेल. तुम्हाला असं ठिकाण सापडलं, संगमनेरला, कोपरगावला, श्रीरामपूरला, कुठेही, तर मला नक्की कळवा. मी मामांना घेऊन जाणार आहे. त्यांना डेअरीचं नाव लागतं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात रविवारच्या एसटी रिझर्व्हेशनच्या ॲपवर बोलू, त्यावर तर माझा व्यवसायानेच हक्क आहे. तोपर्यंत नीट खा, विचारून खा. भेटूया!